इम्पल्सला आधी काय लावू? करिझ्माचं इंजिन की एक्सपल्सचं पुढचं तोंड?

सड्यावरचा
मंडळी, गाडी हिरो इम्पल्स, २०१२ ची, एमएच-०८ पासिंग, सेकंड हँड. मुक्काम राजापूर तालुका. वापर एकच: वाडीतून सड्यावरच्या (वरच्या कातळपठारावरच्या) कलमांच्या बागेत जाणं-येणं. रस्ता म्हणजे खाली पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), मधे घाटी आणि जांभ्याचे सुटे दगड, वर मोकळा कातळ. पावसात त्याच कातळावर शेवाळ. हंगामात मागे आंब्याचे दोन क्रेट, एरवी फवारणीचा पंप नाहीतर खताची गोण.

गाडी विकायची नाही, हे आधीच सांगतो. भरल्या गाडीने घाटीच्या शेवटच्या दोन वळणांवर पहिल्या गियरमध्येसुद्धा क्लच अर्धा धरून चढावं लागतं. उतरताना पुढचे शॉकअप तळाला आपटतात. आता दोन सौदे चालून आलेत. कोल्हापूरला एका भंगारवाल्याकडे करिझ्मा आरचं २२३ सीसी इंजिन आहे. दुसरीकडे मागून ठोकलेल्या एक्सपल्स २०० चं अख्खं पुढचं तोंड आहे, म्हणजे शॉकअप, टी (शॉकअप धरून हँडलला जोडणारा भाग), २१ इंची चाक, डिस्क, कॅलिपर सगळं. खिशात पस्तीस हजार. दोन्ही होणार नाही. आधी काय घेऊ?

मेकॅनिक म्हणतो इंजिन. भाऊ म्हणतो डोकं तपासून घे.

चाकरमानी_डोंबिवली
भाऊ सांगतो ते काम स्वस्तात होईल. ते आधी उरकून घ्या.

फुलथ्रॉटल
इंजिन. डोळे झाकून. इम्पल्सचं १४९ सीसी इंजिन १३.४ न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवायचा जोर) देतं, करिझ्मा आरचं १८.३५. म्हणजे जवळजवळ ३७ टक्के जास्त. घाटीत चढायला टॉर्कच लागतो ना? शिवाय होंडाची सीआरएफ २३० एफ ही अस्सल मातीतली गाडी, तिच्या इंजिनाचंही माप हेच, २२३ सीसी, ६५.५ मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ६६.२ मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची चाल). करिझ्माचं इंजिन मुळात मातीच्याच खानदानातलं आहे, आपल्याकडे त्याला फेअरिंग घालून हायवेवर पाठवलं एवढंच. देशभर लोकांनी इम्पल्समध्ये हे इंजिन बसवलंय. नवीन काही नाही.

बाबलो_देवगडचो
अरे बाबा, इंजिन होया तर घाल, पण माका एक सांग, तुझ्या घाटयेत तू जाणार किती जोरान? थय पायान चलणारो माणूस तुझ्या पुढे जाता. तुका जोर नको, दम होयो.

फुलथ्रॉटल
बाबल्या, दम म्हणजेच टॉर्क.

बाबलो_देवगडचो
मग चेनचा स्प्रॉकेट बदल. दोनशे-चारशे रुपयांत दम येता. पस्तीस हजार कित्याक?

पाना_पक्कड
चिपळूणला गॅरेज आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बाबलो बरोबर बोलतोय, फक्त कारण सांगत नाही.

घाटीत क्लच अर्धा धरावा लागतो, याचा अर्थ इंजिनाला जोर नाही असा होत नाही. पहिला गियर त्या चढाच्या आणि वजनाच्या मानाने लांब पडतो असा होतो. गाडी १३४ किलो, चालवणारा ७० धरा, माल ४०. त्या वळणावर वेग माणसाच्या चालीइतका. इम्पल्सचा टॉर्क ५००० आरपीएमला पुरा मिळतो. त्या वेगाला इंजिन तिथपर्यंत पोचतच नाही, बंद पडायला येतं, म्हणून क्लच घसरवावा लागतो. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केलात, समजा १४ चे १३, तर चाकाला मिळणारी ओढ पावणेआठ टक्क्यांनी वाढते आणि त्याच वेगाला इंजिन तेवढं जास्त फिरतं. मागचं स्प्रॉकेट तीन-चार दातांनी वाढवलं तर आणखी तेवढाच फरक. दोन्ही मिळून पंधरा-सोळा टक्के. इंजिन उघडावं लागत नाही. हायवेवर गाडी ओरडेल, पण तुम्ही हायवेवर कुठे जाताय.

दात आधी स्वतः मोजा. सेकंड हँड गाडीत आधीच्या मालकाने काय लावलंय याचा भरवसा नसतो. चेनचं मापही बघा. ४२८ ची चेन आणि ५२० ची चेन यांच्या पिनांमधलं अंतर वेगळं असतं, १२.७ मिमी आणि १५.८७५ मिमी. दुसऱ्या मॉडेलचं स्प्रॉकेट दिसायला सारखं असलं तरी चेन त्यावर बसणार नाही.

आणि इम्पल्सचं इंजिन हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं आहे. क्लचप्लेटा, रिंगा, पिस्टन किट अशा गोष्टींसाठी इम्पल्सच्या नावाने दुकानात हेलपाटे मारू नका. हंकचा पार्ट नंबर जुळवून बघा. गाडी बंद होऊन वर्षं झाली तरी ती आजही चालते ती याच्याच जिवावर.

सड्यावरचा
पाना_पक्कड, मनापासून आभार. दात मोजून सांगतो. पण मग इंजिन अजिबात नको?

पाना_पक्कड
नको असं नाही. काय काय लागेल ते ऐका. गिअरबॉक्स इंजिनातच, म्हणजे इंजिन आलं की क्लच, गियर, किक सगळं आलं. ते ठीक. पण चेसिसचे माउंटिंग जुळत नाहीत, प्लेटा कापून वेल्डिंग करावं लागतं. ते वेल्डिंग करणारा चांगला हवा, नाहीतर सड्यावरच्या दणक्यांनी सांधा सुटतो. सायलेन्सरचा बेंड नवा वाकवावा लागतो. वायरिंग, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) करिझ्माचं. कार्बोरेटर आणि एअर फिल्टरचा डबा यांची सांगड घालावी लागते. पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं स्प्रॉकेट एका ओळीत आणावं लागतं, ते न केल्यास चेन महिन्यात संपते. शेवटी सगळं झाल्यावर ३७ टक्के जास्त टॉर्क मिळतो हे फुलथ्रॉटल यांचं म्हणणं खरं आहे, आणि त्या जोरावर तेच जुने शॉकअप आणखी जोरात आपटतात.

आणि इंजिन भंगारातलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळुणातल्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि त्यातली इंजिनं नंतर कुठे कुठे गेली, याचा हिशेब कोणाकडे नाही. वरून धुतलेलं, रंगवलेलं इंजिन आतून कसं असेल सांगता येत नाही. ऑइलचा बोल्ट काढून तेल बघा. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी गेलंय. मॅग्नेटचं कव्हर उघडायला लावा, आत कोपऱ्यात तांबडा गाळ दिसला की नमस्कार करून परत फिरा. क्रँकचं बेअरिंग गेलं की खर्च इंजिनाच्या किमतीएवढाच होतो.

वाळवंटी_वेंगुर्ला
तिसरा पर्याय कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. इम्पल्स विका आणि जुनी एक्सपल्स घ्या. एक्सपल्स २०१९ मध्ये आली तेव्हा कार्बोरेटरवाली ९७ हजार एक्स-शोरूम होती, आता सेकंड हँड बरीच खाली मिळते. मी चालवते. पुढे १९०, मागे १७० मिमी ट्रॅव्हल (म्हणजे शॉकअपची दबायची जागा), २१ आणि १८ इंची चाकं, सगळं कंपनीचं, आरसीवर नोंद असलेलं. जोडकाम नाही.

सड्यावरचा
विकायची नाही, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ताई :)

वाळवंटी_वेंगुर्ला
वाचलं होतं. तरी म्हटलं. तुमच्या भावाच्या बाजूने.

गजाली
अवांतर: आमच्याकडे सड्यावरची गाडी म्हटली की एम-८०. डाव्या हातात गियर, मागे माशांची टोपली, वर बर्फाच्या पोत्यातून टपटपणारं पाणी. जाईल तिथे जायची. बंद पडली तर लाथ मारायची, तेवढ्याने नाही झालं तर प्लग काढून पॅन्टला पुसायचा. तिच्यात ट्रॅव्हल किती मिलिमीटर होता हे कधी कोणी मोजलं नाही.

चाकरमानी_डोंबिवली
तेव्हा पाठीचे मणकेही कोणी मोजत नव्हतं.

गजाली
खरं आहे. आमचे काका आता कमरेला पट्टा बांधतात.

काळा_कोट
गंमत चालू राहू द्या, पण कायद्याचा मुद्दा इथे यायलाच हवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

इंजिन हा त्यातला सगळ्यात उघड बदल, कारण इंजिन नंबर आरसीवर छापलेला आहे. गाडी २०१२ ची म्हणजे पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतात. तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावीच लागेल. तिथे चेसिस नंबर एक आणि इंजिन नंबर भलताच निघाला तर काय उत्तर देणार? आणि ते इंजिन कुठल्यातरी चोरीच्या गाडीचं असेल तर प्रकरण दंडावर थांबणार नाही.

विमाही लक्षात घ्या. अपघात झाल्यावर सर्व्हेअर पहिल्यांदा हेच बघतो.

फुलथ्रॉटल
बागेच्या वाटेवर कोण आरटीओ येतोय साहेब? तिथे बिबट्या भेटेल, इन्स्पेक्टर नाही.

काळा_कोट
बागेची वाट संपल्यावर बाजाराला जाताना डांबरी रस्ता लागतो ना? आंबा राजापूरला पोचतो कसा, उडत?

बाबलो_देवगडचो
आमच्याकडे उडत जाता. माकड नेता.

पाना_पक्कड
:) माकडांचा धागा वेगळा काढा, त्याला दोनशे प्रतिसाद येतील.

सड्यावरचा
पासिंगचं डोक्यात नव्हतं आलं. २०२७ म्हणजे काही लांब नाही. इंजिन बाद. फुलथ्रॉटल, माफी.

आता पुढच्या तोंडाबद्दल बोला. ते आपटणं थांबायलाच हवं. एक्सपल्सचं तोंड बसतं का? आणि बसलं तर फायदा किती?

घाटमाथ्यावरून
मी कोल्हापूरचा, पण आंबोली-चौकुळ भागात मित्रांबरोबर येणं-जाणं असतं. एक इम्पल्स बघितलीय पुढे एक्सपल्सचे शॉकअप आणि २१ चं चाक लावलेली. दिसते एकदम रॅली. फोटो झकास येतात. मालक म्हणाला दगडावरून चाक चढतं कसं बघ, आणि खरंच चढत होतं. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं, दगडावर कमी अडकतं, यात वाद नाही.

पाना_पक्कड
यात वाद नाही, पण हिशेब आहे. थोडा किचकट आहे, चहा घेऊन बसा.

इम्पल्सचं पुढचं टायर ९०/९०-१९. बाहेरून बाहेर व्यास साधारण ६४५ मिमी. एक्सपल्सचं ९०/९०-२१, व्यास ६९५. म्हणजे चाकच ५० मिमी मोठं, एक्सल २५ मिमी वर. शॉकअप लांब असतील तर आणखी वर. मागे तुम्ही जुनंच १७ चं चाक ठेवणार. मग गाडीचं नाक वर आणि शेपूट खाली. व्हीलबेस एक मीटर पस्तीस-चाळीस सेंटिमीटरचा धरला तर पुढून २५ मिमी उचलल्यावर हँडलचा दांडा साधारण एक अंशाने मागे कलतो आणि ट्रेल (दांड्याची रेषा जमिनीला टेकते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) वाढतो. सरळ कातळावर गाडी स्थिर वाटेल, छान वाटेल. पण घाटीच्या त्या दोन वळणांवर, चालीच्या वेगाला, हँडल जड होईल आणि पुढचं चाक बाहेर जाऊ बघेल. आणि मागे ४० किलो माल असल्याने पुढचं चाक आधीच हलकं. तुमची अडचण तिथेच आहे, आणि तुम्ही पैसे देऊन ती वाढवणार.

उपाय आहे. शॉकअपच्या नळ्या टीमधून वीस-पंचवीस मिमी वर सरकवायच्या, मग नाक खाली येतं. पण नळ्या हँडलला किंवा केबलला लागत नाहीत ना, आणि शॉकअप पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या टीला आपटत नाही ना, हे बघावं लागतं. तपासायची रीत सोपी: स्प्रिंगा काढून गाडी खाली दाबून बघायची.

बसवण्याचं म्हणाल तर सगळा खेळ मधल्या दांड्याचा. एक्सपल्सच्या टीचा दांडा इम्पल्सच्या चेसिसच्या नळीत लांबीला आणि बेअरिंगच्या मापाला जुळतो का, हे कॅलिपरने मोजून बघा. जुळत नसेल तर लेथवाल्याकडून दांडा दाबून काढून जुना दांडा नव्या टीत बसवतात. हे काम चांगल्या लेथवाल्याचंच. हँडल हातात सुटून आलं तर खाली दरी आहे. कोनसेट (दांड्याची बेअरिंगं) नवा घाला, जुन्या गोट्या घालू नका.

ब्रेकबद्दल. एक्सपल्सची पुढची डिस्क २७६ मिमी, इम्पल्सची २४०. कॅलिपर एक्सपल्सचा आणि वरचा मास्टर सिलिंडर इम्पल्सचा, असं केलं तर लिव्हर एक तर दगडासारखा कडक लागेल नाहीतर स्पंजासारखा दबत जाईल, कारण पिस्टनांची मापं एकमेकांसाठी केलेली नसतात. मास्टरही एक्सपल्सचाच घ्या. एबीएसचं युनिट येणार नाही, ते सोडून द्या.

मीटरचं: ज्याचा मीटर पुढच्या चाकावरून चालतो त्याचा आकडा मोठं चाक लावल्यावर सात-आठ टक्के कमी दाखवेल. तुमच्या वाटेवर काही फरक नाही. पण गाडी विकायची वेळ आली तर किलोमीटर कमी दिसतील, तो एक फायदा :)

वाळवंटी_वेंगुर्ला
आणि मागेही एक्सपल्सचं १८ चं चाक लावलं तर तोल साधेल ना?

पाना_पक्कड
थोडा. एक्सपल्सचं मागचं टायर १२०/८०-१८, व्यास ६४९. इम्पल्सचं ११०/९०-१७, व्यास ६३०. म्हणजे मागून दहाच मिमी वर. पण चाक तीन टक्के मोठं झालं की गियर तेवढाच लांब झाला. स्प्रॉकेटने कमावलेलं तिथे निम्मं-चौथाई गमावलं. शिवाय मागे एक्सपल्सला डिस्क, इम्पल्सला ड्रम. एका पार्टाच्या मागे दुसरा येतो, दुसऱ्यामागे तिसरा, आणि शेवटी पाहुण्यांचीच पंगत उठते, घरचे उपाशी.

गजाली
हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

हिरवी_खाडी
मधेच येतो. दाभोळला राहतो. समुद्राकाठच्या माणसाने दोन शब्द सांगितले पाहिजेत. शॉकअप कोणतेही लावा, नळ्यांवर खारं वारं बसतं. आधी ठिपके, मग खड्डे, मग सील फाटतं, मग तेल गळतं. जुनं एक्सपल्सचं तोंड घेताना नळ्यांवरून नख फिरवून बघा, खासकरून टीच्या खालच्या भागात. रबरी बूट घालून विकत असेल तर बूट वर करायला सांगा. बुटांच्या आत तांबडी माती आणि ओल साचून नळी आतल्या आत सडते आणि बाहेरून कळत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बूट वर करून फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवला तर दहा वर्षं टिकतात.

चाकरमानी_डोंबिवली
दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर डर्ट बाईक चढवताना मजा येते का हो? आम्ही स्कूटर घेऊन आलो होतो, लाटेबरोबर तीच माझ्या अंगावर झोपली.

हिरवी_खाडी
बाजूच्या स्टँडवर ठेवून गियरमध्ये टाकायची आणि ब्रेकचा लिव्हर रबराने बांधायचा. फेरीबोटवाले सांगतात, लोक मोबाइलवर खाडी काढत बसतात.

फुलथ्रॉटल
बरं, इंजिन गेलं, पुढचं तोंडही जवळजवळ गेलं. मग धागा काढलाच कशाला? सगळेच पार्ट तसेच ठेवायचे तर ग्रीस लावून झोपा.

वाळवंटी_वेंगुर्ला
तसं नाही. ग्राउंड क्लिअरन्स बघा. एक्सपल्स २२०, इम्पल्स २४५. त्यांची गाडी आधीच माझ्या गाडीपेक्षा उंच आहे. माझ्या एका मैत्रिणीने एक्सपल्सला कंपनीची रॅली किट लावली. २०२० मध्ये ती ३८ हजारांना आली होती. ट्रॅव्हल पुढे २५०, मागे २२०, क्लिअरन्स २७५. जबरदस्त चालते. पण ती उंच आहे आणि मी पाच फूट दोन इंच. मला त्या गाडीवर चढायला पायरी लागते, आणि घाटीत थांबायची वेळ आली तर पाय दरीत शोधावा लागतो. जास्त ट्रॅव्हल म्हणजे सगळ्यांना फायदा असं नाही. मालाची गाडी जितकी खाली तितकी हातात.

सड्यावरचा
हा मुद्दा पटला. क्रेट बांधल्यावर मीही एका पायावरच उभा असतो.

दात मोजले. पुढे १३ आहेत. म्हणजे १२ करू का?

पाना_पक्कड
करा, चालेल. ओढ आठ टक्क्यांच्या थोडी वर जाईल. मागे दोन-तीन दात वाढवून बघा, त्याच मापाच्या चेनमध्ये. चेन लांब घ्यावी लागेल, जुन्या चेनला दुवा जोडू नका, अख्खा सेट नवा घ्या.

आणि पुढच्या आपटण्याचं आता नीट सांगतो, मघाशी राहिलं. इम्पल्सच्या शॉकअपला १८० मिमी ट्रॅव्हल आहे, तो कमी नाही. २०१२ च्या गाडीत तेल कधी बदललंय? बहुतेक गाड्यांत एकदाही नाही. दहा-बारा वर्षांनी बाहेर येतं ते तेल नसतं, काळं पाणी असतं. स्प्रिंगाही बसलेल्या असतात. नव्या स्प्रिंगा, नवी सीलं, एक दर्जा घट्ट तेल, आणि स्प्रिंगेवर वीस-पंचवीस मिमीचा स्पेसर. काही जण पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून घालतात, चालतो, पण कडा घासून सपाट करा आणि दोन्हीकडे वॉशर टाका. तेलाची पातळी दोन्ही नळ्यांत सारखी मोजा. एवढ्यावर आपटणं बहुतेक थांबतं. नाही थांबलं तर मग एक्सपल्सच्या तोंडाकडे वळा, तेव्हा बोलू.

फुलथ्रॉटल
म्हणजे दुसऱ्या मॉडेलचं काहीच नाही. निराशा.

पाना_पक्कड
आहे की. मागचा शॉकअप बघा. माल मागेच असतो. मागचा बसला असेल तर गाडी चढावर आणखी मागे झुकते, पुढचं चाक आणखी हलकं होतं, आणि सगळे म्हणतात पुढचं तोंड बदला. दुसऱ्या मॉडेलचा मोनोशॉक लावायचा तर डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, बुशांची रुंदी आणि बोल्टाची जाडी या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. लांबी दहा मिमी जास्त असली तर गाडीची शेपूट त्याच्या दीड-दोनपट, क्वचित त्याहूनही जास्त वर जाते, हे लक्षात ठेवा. थोडं वर गेलेलं तुम्हाला हवंच आहे. पण चेन चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) घासते का ते बघून घ्या.

काळा_कोट
इम्पल्सबद्दल एक गोष्ट कोणी बोललं नाही. २०११ मध्ये आली तेव्हा होंडापासून वेगळं झाल्यावर हिरोच्या एकट्याच्या नावाने आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी ती. आणि रचना होंडाच्या ब्राझीलमधल्या एनएक्सआर १५० ब्रोसवर बेतलेली. ब्राझीलच्या तांबड्या मातीतली गाडी आपल्या तांबड्या मातीत आली आणि इथे लोकांनी ती डांबरावर चालवून मायलेज विचारलं. त्या काळात घ्यायला हवी होती.

गजाली
काजूही ब्राझीलहूनच आला. तो बरा रुजला.

बाबलो_देवगडचो
काजूक मायलेज कोण इचारीत नाय म्हणान.

घाटमाथ्यावरून
टायरांचा विषय राहिला. कातळावर शेवाळ असेल तर बटणटायर काही कामाचं नाही, रबर कडक असतं आणि बटणांमध्ये चिकटायला माती नसते. ओल्या शेवाळावर मऊ रबराचं, ठोकळे एकमेकांना लागून असलेलं टायर आणि हवा कमी. पण हवा फार कमी केली तर जांभ्याच्या धारेवर ट्यूब चिमटून पंक्चर. क्रेट घेऊन चाललात तर मागे हवा नेहमीचीच ठेवा, फक्त पुढची थोडी काढा.

हिरवी_खाडी
सहमत. आणि मागचा ड्रम ब्रेक हिणवू नका. पावसात वहाळ ओलांडलात की ड्रममध्ये पाणी जातं आणि थोडा वेळ ब्रेक लागत नाही हे खरं. पण तांबडी माती डिस्कचे पॅड खाते, लाइनर त्यापेक्षा जास्त टिकतं. पाण्यातून बाहेर आलं की ब्रेक हलका धरून पन्नास पावलं चालवायचं, सुकतो.

सड्यावरचा
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: स्प्रॉकेट सेट, पुढच्या स्प्रिंगा-सील-तेल, मागच्या शॉकअपची लांबी मोजून योग्य तो शोधायचा. एक्सपल्सवाल्याला सांगितलंय की मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि डिस्क सुटी देतोस का. तो म्हणतो अख्खं तोंड घे नाहीतर जा. बघू, पावसाच्या तोंडावर त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही तर येईल वळणावर.

पाना_पक्कड
डिस्क सुटी घेऊन काय करणार? २७६ ची डिस्क तुमच्या हबवर आणि कॅलिपरच्या पाट्यावर कशी बसणार? त्याला पुन्हा पाटा कापावा लागेल. तुमच्या २४० च्या डिस्कला नवे पॅड घाला, ब्रेक ऑइल बदला आणि होज (ब्रेक ऑइलची नळी) नवा टाका. होज रबरी आणि जुना असेल तर दाबल्यावर फुगतो, म्हणून ब्रेक मऊ लागतो.

फुलथ्रॉटल
मग ते करिझ्माचं इंजिन कोणी घेत नाहीये ना? शनिवारी मी कोल्हापूरला चढतोय.

काळा_कोट
कोणत्या गाडीत घालणार?

फुलथ्रॉटल
करिझ्मात, साहेब. माझ्याकडे करिझ्मा आर आहे. क्रँक संपलाय.

काळा_कोट
हे आधी सांगितलं असतं तर मी एवढी कलमं लिहिली नसती. तरीही इंजिन नंबर बदलतोय, आरसीवर नोंद करून घ्या. बिल आणि जुन्या गाडीचे कागद मागा, देत नसेल तर घेऊ नका.

पाना_पक्कड
आणि मॅग्नेटचं कव्हर उघडायला विसरू नका.

सड्यावरचा, एक राहिलं. पुढे १२ दात केलेत की चेन लहान गोलात वळते, त्यामुळे चिमट्याच्या पुढच्या टोकाला जे रबर असतं त्यावर ती जास्त घासते. ते रबर चिरलेलं असेल तर स्प्रॉकेटबरोबरच नवं घाला, हंकचं नको, इम्पल्सचंच मागा, आकार वेगळा आहे. आणि चेन ढिली ठेवताना क्रेट बांधून, स्वतः बसून, कोणाला तरी खाली वाकून मोजायला सांगा. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन भरल्यावर ताणते.

सड्यावरचा
भावाला बसवतो मोजायला. एवढं तरी काम करेल.